घुंगरांतला कापूस

एक होतं जंगल. तिथं सिंहाचं राज्य होतं, आणि राज्याहून मोठं होतं त्याचं कंदांचं कोठार.

उपाशी जनावरानं कोठारातून टोपलीभर कंद उचलले की त्याच्या गळ्यात एक घुंगरू बांधायचे. टोपली परत केली की घुंगरू सुटायचं. व्याजाची घुंगरं दर महिन्याला वेगळी चढायची. तीस भरली की बीळ सरकारजमा.

धोंडाक्का नावाच्या साळिंदराच्या गळ्यात वीस होती. ती महिन्याला एक टोपली भरायची, ती व्याजातच जायची. आक्का घराबाहेर पडली की दोन ओढ्यांपलीकडं कळायचं.

निवडणुकीला सहा महिने उरले आणि विरोधी पक्षाच्या बिबट्यानं आपलं कोठार उघडलं. "सिंहाचं कर्ज आमच्याकडं आणा. सहा महिने व्याज शून्य." खिडकीत कारकून बसला कोल्हा.

"शून्य म्हणजे किती रे?" धोंडाक्कानं विचारलं.

"शून्य म्हणजे शून्य, आक्का. बदलीचं तेवढं एक घुंगरू जास्तीचं."

"आणि सहा महिन्यांनी?"

"शुभ बोला की."

कोल्ह्यानं सिंहाची वीस सोडली, बिबट्याची एकवीस बांधली आणि प्रत्येकात कापूस कोंबला. आक्का चालून बघते तर आवाजच नाही. मान तेवढीच वाकली होती, पण मानेचं कोण ऐकतंय?

दर महिन्याला साडेतीन टोपल्या भरल्या असत्या तर ती सुटली असती. पण वाजत नाही ते फेडायचं कशाला? तिनं भरणं थांबवलं, पोरांना पोटभर घातलं, वर आणखी तीन टोपल्या उचलल्या. नव्या उचलीला सवलत नव्हती. तसं नियमात लिहिलं होतं, आणि नियम कोठाराच्या मागच्या भिंतीला डकवले होते.

प्रचारसभेत बिबट्या म्हणाला, "बंधुभगिनींनो, कान द्या. काही वाजतंय?"

"नाही."

"याला म्हणतात कर्जमुक्त जंगल."

"साहेब, मान दुखतेय पण," मागून एक कासव बोललं.

"तुझी मान विरोधकांना सामील आहे."

टाळ्या पडल्या. बिबट्या दणक्यात निवडून आला आणि दुसऱ्याच दिवशी कापूस निघाला. जंगलभर असा गलका झाला की पाखरं शेजारच्या राज्यात गेली. धोंडाक्काची निघाली सव्वीस: एकवीस जुनी, तीन नव्या उचलीची, दोन तिच्या व्याजाची. वर दरमहा दोन चढणार. म्हणजे दोन महिन्यांत बीळ जाणार. राजे बिबटे यांनी खुलासा केला, "हा आवाज मागच्या राजवटीचा आहे."

आठवड्यात सिंहानं, आता विरोधी पक्षनेते, खिडकी उघडली. वर्षभर व्याज शून्य, बदलीची फक्त दोन घुंगरं. रांग ओढ्यापर्यंत गेली. धोंडाक्काचा नंबर आला तेव्हा आत कोल्हा बसलेला.

"मेल्या, तू इकडं कधी आलास?"

"कालच. चाळीस जण आलो. तत्त्वाचा प्रश्न होता."

"सव्वीस अन् दोन अठ्ठावीस. पुढच्या वर्षी कापूस निघाला की मी परत बिबट्याच्या दारात. असंच ना?"

"लोकशाही आहे, आक्का. पर्याय पाहिजेच."

"माझा पर्याय मी खणते," असं म्हणत आक्का रांगेतून बाहेर पडली. पोरांना कामाला लावून महिन्याला तीन टोपल्या भरू लागली. घुंगरं वाजत राहिली, तिनं ती मोजत फेडली; ती घटली तसं व्याजही घटलं. बीळ वाचलं. शेवटचं घुंगरू सुटायला सव्वा वर्ष लागलं.

कोल्ह्याला मंत्रिपद मात्र आक्कानं रांग सोडली त्याच संध्याकाळी मिळालं. बिबट्याकडं.