सगुणाईने विळा धरला

सकाळचे ठीक साडेनऊ. शाळेची घंटा झाली आणि भागाईने चुलीत विळा तापत घातला. गोष्ट फार जुनी, आपल्या पणजीच्या वेळची, पण ती घटका गावात कुणी विसरलेलं नाही.

भागाई बाळं डागायची. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले की लाल विळा बेंबीभोवती टेकवायची. तिच्या हाताला गुण होता, असं म्हणतात. कसला मेला गुण! चटक्याने बाळ रडून रडून थकतं, निपचित पडतं, आणि बायका म्हणतात, बघा, शांत झालं.

त्या दिवशी पाळण्यात तिचाच नातू होता. पोट नगाऱ्यासारखं, अंग तापलेलं. सून सगुणा दाराला टेकून उभी. तिची पहिली लेक अशीच डागली होती. तीही शांत झाली होती. पुन्हा रडलीच नाही.

"आत्या, तुमची तेलमालिश चांगली. बरा असला की रोज करा. पण हे दुखणं मालिशीचं नाही, आणि विळ्याचं तर नाहीच नाही. मी त्याला नदीपलीकडच्या दवाखान्यात नेते."

"कालची पोर मला शिकवतेय!" भागाई कडाडली.

ओट्यावर चुलतसासरे खाकरले. "आम्हालाबी डागलंय. मेलो का?"

"नाही मेलात मामंजी, म्हणून बोलताय. जे मेले ते कुठून येणार सांगायला?"

भागाईने विळा उचलला. सगुणा झेपावली आणि तिनं ते लालबुंद पातं मुठीत धरलं. "आधी मला डागा! मला ओरडून सांगता येतं. त्याला येत नाही, म्हणून तुमचं फावतं!"

विळा तिच्या मुठीत माठातल्या पाण्यासारखा गार पडला, असं म्हणतात. हाताला फोडसुद्धा नाही.

बाळाला छातीशी धरून ती निघाली. नदी दुथडी भरलेली. तिनं पाय टाकला आणि पाणी घोट्यापर्यंत उतरलं, असं म्हणतात. मागून हाक आली, "अगं थांब की! लंगोटं कोण घेणार?" गाठोडं काखेत मारून भागाई धावत येत होती.

डॉक्टरांनी बाळाला ठेवून घेतलं. औषध सुरू झालं, पोट हळूहळू उतरलं. मग एका सकाळी बाळ भुकेनं घसा फोडून रडलं. ते रडणं ऐकून भागाईने तोंडात पदर कोंबला आणि तिथेच खाली बसली. विळा तिनं पुन्हा कधी तापवला नाही.

अजून आमच्या गावात पाचवीला बाळाचं पोट उघडं करून सगळ्यांना दाखवतात. एकेक बाई त्या कोऱ्या पोटावर हात ठेवते आणि म्हणते, "हे सगुणाईचं. याला डाग नाही."

आणि तरी परवा पलीकडच्या वाडीत कुणीतरी विळा तापवलाच! अजून! म्हणून बायांनो, जावेला सांगा, नणंदेला सांगा, माहेरी निरोप धाडा. बाळ तापलं, फुगलं, पिवळं पडलं, तर चुलीकडे नका बघू, दवाखाना गाठा. एवढं पुढे सांगा.