चेंडू उचलताना

"पाच वर्षांनंतरचा गोलंदाज आज कसा ओळखायचा, सर? मला तेवढंच शिकवा."

सकाळपासून अन्वय हेच विचारत होता.

मुजावर सर खुर्चीत बसून मैदानाकडे बघत राहिले. एका क्रिकेट अकादमीसाठी वेगवान गोलंदाज शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. अन्वय कुलथे त्यांच्या हाताखाली नुकताच आला होता. इंजिनियर. त्याच्याकडे वेग मोजायची गन होती. शिवाय उंची, मनगट, वडिलांची उंची असं सगळं भरलं की मुलाचा पुढचा वेग सांगणारा, त्याने स्वतः बनवलेला प्रोग्रॅम होता.

"दिसायला लागलं तर काय करशील?" सरांनी विचारलं.

"योग्य मुलगा निवडेन."

"बस?"

"मग अजून काय असतं, सर?"

सरांनी डोक्यावरची पांढरी टोपी सारखी केली.

शहाद्यातली चाचणी संपत आली होती. अकादमीत एक जागा उरली होती आणि मैदानावर एक मुलगा. रायसिंग वळवी, धडगावच्या बाजूचा, आश्रमशाळेतून बारावी झालेला. इथे नाही जमलं तर दिवाळीनंतर भावांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायचं, असं त्याने सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही. पत्ता सांगावा तसं.

रायसिंग धावत आला. मधला स्टंप उखडून मागे पडला.

अन्वयने गनवरचा आकडा सरांपुढे धरला. दिवसभरात कुणाचाच एवढा आला नव्हता.

"संपत खैरनारला तुम्ही असाच हेरलात ना? अकादमीत सगळे सांगतात."

"हेरला होता."

"काय दिसलं होतं त्याच्यात?"

"हेच." सरांनी पडलेल्या स्टंपकडे हात केला. "दोन हंगाम फार जोरात टाकले त्याने. आता मुलीला घ्यायचं असलं की जमिनीवर बसतो. मग ती चढते त्याच्या मांडीवर."

अन्वयला वाटलं, म्हातारा विषय बदलतोय.

सरांनी रायसिंगला हाक मारली. तो घाम पुसत आला. सरांनी त्याच्या हातातला चेंडू घेतला, शिवण निरखली आणि चेंडू खाली सोडून दिला.

रायसिंगने एक गुडघा टेकला. पाठ ताठ ठेवून हात खाली नेला, चेंडू उचलला आणि दोन्ही हातांनी सरांना दिला.

"किती अदब आहे बघा," अन्वय हसला. "आमच्याकडची पोरं पायाने ढकलतात चेंडू."

सरांनी चेंडू पुन्हा सोडला.

पुन्हा तोच गुडघा. तीच ताठ पाठ. या वेळी उठताना रायसिंगने मांडीवर हात रोवला. ओठ घट्ट मिटले.

अन्वयचं हसू गेलं.

"रायसिंग, पाठ दुखते?" त्याने विचारलं.

"नाही सर."

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

रायसिंगने सरांकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे.

"पावसाळ्याआधीपासून."

"सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सगळ्यांनी वेगच विचारला, सर."

सरांनी चेंडू त्याच्या हातात ठेवला आणि त्याला रनअपच्या खुणेवर परत पाठवलं.

तो लांब जाईपर्यंत अन्वय कसाबसा थांबला. मग सुटलाच. याला डॉक्टरांना दाखवू, विश्रांती देऊ, मणक्याच्या हाडाला चीर गेली असेल तर ती भरून येईल, वर्ष गेलं तर गेलं. सरांनी ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता सांगितलं की अकादमीचा हंगाम पुढच्या महिन्यात सुरू होतो, आणि पाठ धरलेल्याला तिथे घेत नाहीत. दुखणं कळवलं तर मुलगा आजच्या बसने घरी. नाही कळवलं तर पहिल्या दिवसापासून गोलंदाजी. सगळ्यात वेगवान असतो त्यालाच सगळ्यात जास्त पिळतात.

"मग हे चूक आहे असं अकादमीला सांगायला हवं."

"सांगितलं होतं. संपतच्या वेळी."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी पुन्हा मुलं शोधायला निघालो."

अन्वयला त्यांच्याकडे बघवेना.

"घरी पाठवू," तो म्हणाला. "निदान पाठ तरी वाचेल त्याची."

"ऊस तोडताना पाहिलंयस कधी?"

"नाही."

सर उठले. कमरेत वाकले. डाव्या मुठीत नसलेला ऊस धरला, उजवा हात जमिनीलगत नेला आणि तसेच राहिले. पांढरी टोपी गळून मातीत पडली. ती त्यांनी उचलली नाही... अन्वय वाट पाहत राहिला. सर वर येईनात.

"पुरे, सर."

सर वाकलेलेच.

मैदानाच्या त्या टोकाहून रायसिंगची हाक आली. "सर, अजून एक टाकू? याहून जोरात जाईल."

गन धरलेला अन्वयचा हात खाली आला.

"काय करायचं, सर?"

सर गुडघ्याला धरून हळूहळू सरळ झाले. हाताची माती झटकली.

"पाच वर्षांनंतरचं दिसलं ना तुला?" ते म्हणाले. "आता निवड."