राहीबाईनं राखेनं आखलेलं घर

नांदरखेड्याची कचेरी पिंपळाच्या पारावर भरायची, तेव्हाची ही गोष्ट. गावात नवं घर बांधायचं तर कमाविसदाराची, म्हणजे सरकारी अंमलदाराची परवानगी लागे. तेव्हाचे कमाविसदार आबाजीपंत. माणूस वाईट नव्हता, पण 'होय' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. "उद्या बघू," एवढंच म्हणत. तो उद्या काही गावात कुणी पाहिला नव्हता.

राहीबाई कासारणीचं झोपडं आगीत जळालं. लेक गजरा पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी यायची, आणि माहेराला छप्परच नाही! राहीबाईचा जीव तुटे. ती रोज पारावर जाई आणि 'उद्या' ऐकून परत येई. एके सकाळी मात्र ती गेलीच नाही. जळल्या झोपड्याची राख घेऊन तिनं मोकळ्या जागेवर घर आखलं. ओटी, माजघर, चूल, बाळंतिणीची खोली. दारापुरती जागा तेवढी सोडली, आणि त्या घरात राहायला लागली.

ती दारातूनच ये-जा करी, तीही वाकून, चौकट डोक्याला लागेल म्हणून. बांगड्या भरायला येणाऱ्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्याही वाकून आत येऊ लागल्या. वावटळ आली तरी ती राख जागची हलली नाही, असं म्हणतात. मोकाट गुरंसुद्धा त्या भिंतींना वळसा घालून जात, असं म्हणतात.

दिवस भरत आले तशी गजरा आली आणि आतल्या खोलीत निजली. पंतांच्या कानावर गेलं. ते वैशाखातल्या भर दुपारी तरातरा आले.

"राहीबाई, परवानगीवाचून घर कसलं हे?"

"घर कुठं हाय, सरकार? रेघाच हायेत," राहीबाई म्हणाली. "पर उन्हात का हुबं? आत या, पानी घ्या."

आणि पंत वाकले. जिथं चौकट नव्हती तिथं मान लववून ते आत आले, ओटीवर टेकले, पाणी प्यायले. तोच त्यांना गारवा लागला. पाहतात तर जमिनीवर छपराची सावली! वर एक कौल नाही, नुसतं रखरखीत आभाळ. तेवढ्यात आतून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं.

पंत ओटीवरून उठले. मग हात जोडून म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी प्यालो, बाई. आता घर नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू? बांध."

आता नांदरखेड्यात नगरपंचायत आहे, नकाशे आहेत, शिक्के आहेत. पण नवं घर आजही आधी राखेनंच आखतात आणि दाराची जागा सोडतात. साहेब पाहणीला आले की घरधनीण आतून म्हणते, "राहीबाईच्या नावानं पाणी घ्या." साहेब कितीही ताठ असो, तिथं मान लववतोच. आणि आत येऊन पाणी प्यालेल्या साहेबानं नंतर 'उद्या बघू' म्हटलं, असं नांदरखेड्यात कुणी ऐकलेलं नाही.