तांडेलाच्या बाकाखालची कुदळ

खूप जुनी गोष्ट आहे. दूरच्या एका बेटावर, नदीच्या वाळूत सोनं सापडतं अशी बातमी आली आणि किनाऱ्यावरची गावंच्या गावं वेडी झाली. एका गलबतात चाळीस माणसं दाटीवाटीनं चढली. त्यांत एक लाजाळू विणकर होता. घरचा माग विकून त्यानं नवी कुदळ घेतली होती.

सुकाणूवर बसलेला म्हातारा तांडेल सगळ्यांना म्हणाला, "कुदळी, पहारी, सगळं लोखंड पुढच्या टोकाला ठेवा. माझ्या होकायंत्राजवळ काही आणू नका."

विणकराला वाटलं, त्या ढिगातून माझी कुदळ कुणी उचलली तर? तांडेलाचं बाक मात्र कधी रिकामं नसतं. तिथे राखण आपोआप होईल! तांडेल जेवायला वळला, तेवढ्यात त्यानं कुदळ हळूच बाकाखाली सरकवली.

प्रवास मजेत चालला. माणसं गात होती, घरं बांधायचे बेत करत होती. मग आभाळ भरून आलं. सूर्य दिसेना. सहाव्या दिवशी दिसायचं बेट नवव्या दिवशीही दिसलं नाही. पिण्याचं पाणी माणशी एका वाटीवर आलं.

"तांडेलमामा, बेट बुडालं की काय?" कुणीतरी टोमणा मारला.

"मामांना डुलकी लागली असेल!" दुसरा म्हणाला.

तांडेलानं मान खाली घातली. "सुई दाखवते तिकडेच नेतोय, बाबांनो. पण माझंच डोकं फिरलं असेल. दुसऱ्या कुणीतरी सुकाणू धरा."

विणकर रोजच्यासारखा बाकाखालच्या अंधारात हात घालून कुदळ चाचपायला वाकला होता. त्यानं ती जराशी ओढली आणि होकायंत्राची सुई थरथरून बाजूला सरकली. त्यानं कुदळ परत सरकवली, तशी सुईही परत फिरली. सांगावं, तर हे लोक मला समुद्रात फेकतील. न सांगावं, तर सगळेच तहानेनं मरतील, आणि दोष या म्हाताऱ्याच्या माथी!

तो उभा राहिला. "मामा, तुमचं काही चुकलं नाही. माझी कुदळ तुमच्या बाकाखाली आहे. तिनंच सुई फिरवली."

मग एक जाडजूड तेलीण खाकरली. "अगं बाई! मग माझी पहारही काढा तिथून."

"माझं फावडं पण," टोमणा मारणारा पुटपुटला.

"आणि माझ्या दोन कुदळी."

एकेक करत सतरा अवजारं निघाली. तांडेल डोळे फाडून बघत राहिला. "अरे, मी बाकावर बसलो होतो की लोहाराच्या दुकानावर?"

गलबत हसण्यानं डुलू लागलं. सगळं लोखंड पुढे गेलं, तशी सुई गर्रकन वळली. तिच्यामागे गलबतही वळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी समोर माडांचे शेंडे दिसले आणि चाळीस माणसांनी एकच आरोळी ठोकली. तांडेलानं विणकराला जवळ ओढलं, त्याचा हात सुकाणूवर ठेवला आणि म्हणाला, "लाव बाबा, किनाऱ्याला तूच लाव."

बोध: आपली चूक जो आधी बोलून दाखवतो, तो दुसऱ्यांनाही खरं बोलायचं बळ देतो.