घुंगरू नसलेली चिंगी

फार फार पूर्वी एका रानात लढाई जिंकणाऱ्याच्या गळ्यात घुंगरू बांधत. अस्वलदादांच्या गळ्यात तर घुंगरांची माळच होती, रानडुकराच्याही गळ्यात पाच-सहा होती. नवख्या चिंगी सशिणीचा गळा रिकामा, म्हणून तिने मागे चालायचं.

एकदा लांडग्याने हरिणीचं पाडस पळवलं. तिघं सोडवायला निघाली, पण दरवेळी लांडगा पाडसासह दुसऱ्या गुहेत पसार. चिंगीच्या लक्षात आलं.

"दादा, तुमची माळ त्याला लांबून ऐकू जाते. तुम्ही दोघं इथेच थांबा."

"रिकाम्या गळ्याची तू एकटी जाणार?" रानडुक्कर गुरगुरलं.

चिंगी गेलीसुद्धा. घुंगरं वाजली नाहीत, म्हणून लांडगा निर्धास्त घोरत होता. त्याच्या नाकासमोरून तिने पाडस बाहेर आणलं.

सारं रान नाचलं. अस्वलदादा घुंगरू घेऊन आले.

"ते राहू द्या, दादा," चिंगी म्हणाली. "उद्यापासून पुढे मात्र मी चालणार."