सुईखालच्या टाळ्या

एकदा एका गावात एक म्हातारा बँडमास्तर राहत होता. चाळीस वर्षे त्याने लग्नाच्या वरातींत क्लॅरिनेट वाजवले. वरातीत वाद्य कोण ऐकतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. नवरा घोड्यावरून पडू नये म्हणून धडपडत असतो, मामा हार सांभाळत असतो आणि तुम्ही पंगत कधी बसते त्याची चौकशी करत असता. लाजू नका, मीही तुमच्याच शेजारी उभा होतो.

या मास्तराकडे एक रेकॉर्ड होती. परदेशातल्या कुठल्याशा गावी, श्रोत्यांना समोर बसवून गायलेल्या एका बाईची. त्या गाण्याला जॅझ म्हणतात. ती बाई शब्द तालावर ठेवीत नसे, तालाच्या किंचित मागे ठेवी. वाटे, चुकली आता. आणि नेमकी त्याच क्षणी ती समेवर आधीच येऊन बसलेली असे. मध्येच शब्द सोडून देई आणि आपल्या तराण्यासारखी नुसत्या अक्षरांवर मोकळी सुटे. पियानो काही विचारी, ती काही भलतेच उत्तर देई आणि मागचा ड्रमवाला खुदकन हसल्यासारखा वाजवी. मास्तराला इंग्रजी येत नव्हते. माझे इंग्रजी सातवीच्या परीक्षेत संपले. ऐकताना आम्हां दोघांचेही काही अडले नाही. अडते ते जाणकारांचे.

मास्तराची एकच शिष्या होती. पस्तिशीची, पोस्टात नोकरी, भाड्याच्या एका खोलीत एकटीच राहणारी. सहा वर्षे तिने त्या एका रेकॉर्डवरून हे गाणे उचलले होते. पोस्टातले लोक तिला 'इंग्रजी भजनीमंडळ' म्हणत. "मंडळ कसलं, एकटीच तर आहे," असे ती एकदा हसून म्हणाली. त्यानंतर कुणी तसे म्हटले नाही, आणि दुसरेही काही म्हटले नाही.

गावच्या वाचनालयाने तिला लागोपाठ दोन शनिवार वरचे सभागृह दिले. पहिल्या शनिवारी एकशे वीस खुर्च्या मांडल्या होत्या. माणसे आली सात. कार्यवाहांनी रीतीप्रमाणे माईक हाती घेतला आणि आलेल्या सात जणांना, न आलेल्या एकशे तेरा जणांबद्दल खेद ऐकवला. ही आपली जुनी पद्धत आहे. जो घरी झोपलेला असतो त्याला कुणी बोलत नाही. जो धडपडत येतो तो बोलणी खातो.

शिष्येने त्याहून वरताण केली. दोन गाणी तिने दात आवळून म्हटली. तिसऱ्याच्या आधी ती थांबली आणि म्हणाली, "या गावाला कान नाहीत. दगडांपुढे गाणं सोपं असतं!" आणि मंचावरून उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मास्तराकडे आली. सरावासाठी नेलेली रेकॉर्ड तिने टॉवेलात गुंडाळून आणली होती.

"मास्तर, ही घ्या. मी गाणं सोडलं."

"ये, बैस. दगडाकडे आलीस, बरं वाटलं."

"तुम्हांला नव्हते मी बोलले."

"सातांतला एक मीच होतो की गं! तिसऱ्या रांगेत. पंख्याखालची जागा धरून."

ती ओशाळली, पण निश्चय ढळला नाही. "पुढच्या शनिवारी जायचं नाही, असं ठरवलंय मी. आणि त्याच्याही पुढे कधीच नाही. मास्तर, सहा वर्षं मी भिंतीकडे तोंड करून गातेय. एकदा वाटलं होतं की माणसांकडे तोंड करावं. माणसंच नव्हती. आता परत भिंतीकडे नाही गायचं मला." तिने रेकॉर्डकडे बोट केले. "हिचं बरं आहे. हिला सभागृह भरून लोक मिळाले. त्यांच्यापुढे कुणीही गाईल."

मास्तराने रेकॉर्ड टॉवेलातून काढली, प्लेअरवर ठेवली आणि सुई सोडली. पियानोचे चार स्वर झाले, बाईने श्वास घेतला, आणि मास्तराने सुई उचलली. गाणे ओलांडून त्याने ती पुढे, टाळ्यांवर ठेवली. टाळ्या झाल्या. पुढचे गाणे सुरू होताच पुन्हा उचलली, पुन्हा पुढच्या टाळ्यांवर ठेवली. शिष्या बघतच राहिली. म्हाताऱ्याचे डोके फिरले, असेच तिला वाटले. तुम्हांलाही वाटले असते.

"मास्तर, गाणं तरी वाजू द्या!"

"गाणं तुला पाठ आहे. टाळ्या मोज."

"टाळ्या कशा मोजणार?"

"ऐकून. एकेक वाटाणा निवडतेस ना, तशा. डोळे मीट."

तिने चिडून डोळे मिटले. सुई पुन्हा मागे गेली. या टाळ्या तिने सहा वर्षांत लक्ष देऊन ऐकल्याच नव्हत्या. फोनमध्ये गाणी भरून घेताना तिने त्या, आणि मधले बोलणेही, कापून टाकले होते. सरावात अडथळा नको म्हणून! आता ती ऐकू लागली. एक जाडजूड टाळी होती, पंजा मोठा असणार. एक कोरडी. एक हातमोजे घातल्यासारखी दबलेली. दोन एकमेकींच्या जवळ, बहुधा नवराबायको. तिने पाच वेळा सुई मागे घ्यायला लावली, आणि मग डोळे उघडले.

"अकरा," ती हळूच म्हणाली. "मास्तर, हे अकराच जण आहेत."

"मी बारा मोजले होते. पण तुझे कान तरुण आहेत."

"पण आवाज तर केवढ्या मोठ्या खोलीचा आहे."

"खोली मोठीच होती. भरलेली होती, असं कोण म्हणालं?"

मग मास्तराने सुई दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये ठेवली. तिथे ती बाई काहीतरी बोलत होती. "हे मला कळत नाही," मास्तर म्हणाला, "तू सांग."

शिष्येने कान दिला. "ती म्हणतेय, मागे बसलेल्यांनी पुढे या. मला तुमचे चेहरे बघायचेत." आणि मग रेकॉर्डमधून, इतक्या वर्षांपलीकडून, खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. चार-पाच खुर्च्या. कुणीतरी ठेचकाळले, आणि बाई हसली. त्या हसण्यातूनच पुढचे गाणे निघाले. सहा वर्षे शिष्येला प्रश्न पडला होता की या गाण्याची सुरुवात अशी सैल, अशी घरगुती कशी काय होते. ती जागा घोटून घोटून ती थकली होती.

मास्तराने प्लेअर बंद केला.

"पोरी, पहिली दहा वर्षं मी वरातीत रागानं वाजवायचो. कुणी ऐकत नाही ना, मग घ्या, म्हणून कानठळ्या बसेपर्यंत फुंकायचो. एकदा सहज मान वळली. डोक्यावर दिव्याचं झाड घेऊन बायका चालतात ना कडेनं, त्यातली एक ओठांतल्या ओठांत माझ्याबरोबर गुणगुणत होती. किती वर्षं गुणगुणत असेल, देव जाणे. मी तिच्याकडे पाठ करून घोड्यावरच्यासाठी वाजवत होतो, आणि त्याला तर फेटा टोचत होता! न आलेल्यांपर्यंत आपलं गाणं पोचत नाही, रागही पोचत नाही. तो आलेल्यांच्याच अंगावर पडतो. एवढंच. आता जायचं की नाही ते तू ठरव. मी मात्र येणार नाही."

"का?"

"मी आलो की तू माझ्यासाठीच गाशील. मला पाठ आहे सगळं."

शनिवार आला. शिष्या वेळेच्या बरीच आधी जिना चढून सभागृहात गेली. दिवे अजून लागले नव्हते. पहिल्या रांगेत कडेला एक गृहस्थ बसले होते. साठीचे, इस्त्रीचा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. मागच्या शनिवारच्या सातांतले.

"कार्यक्रम साडेसहाला आहे," ती म्हणाली.

"हो, माहीत आहे." ते अवघडून उभे राहिले. "मागच्या वेळी मी पाच मिनिटं उशिरा आलो होतो, दाराचा आवाजही झाला. नंतर तुम्ही रागावलात. मला वाटलं, आपल्यामुळंच. म्हणून आज लवकर आलो."

शिष्या म्हणाली, "तुमच्यामुळं नाही हो काका. बसा ना."

साडेसहापर्यंत आणखी तीन जण आले. एक शिक्षिका, एक औषधदुकानदार, एक बाई जिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हते. चौघे चार वेगवेगळ्या रांगांत बसले, शेजारची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर पिशवी ठेवून. शिष्या विंगेतून बघत होती. प्रत्येक जण एकटाच आला होता. भिंतीकडे तोंड करून राहणारी आपण एकटीच नाही, हे तिला त्या वेळी कळले. आणि मागच्या शनिवारी आपण दगड कुणाला म्हणालो, तेही कळले.

कार्यवाह माईकपाशी आले. "आजची उपस्थिती पाहता, मला अत्यंत खेदाने..."

"साहेब," ती मंचावर येत म्हणाली, "खेद राहू द्या. तुम्हीही बसा, ऐका." तिने माईक बंद केला, खाली उतरली आणि पहिल्या रांगेसमोर उभी राहिली. "तुम्ही सगळे जरा पुढे याल का? एवढ्या लांबून मला तुम्ही दिसत नाही."

क्षणभर कुणी हलले नाही. मग पिशव्या उचलल्या गेल्या.

तिने तासभर गायले. उत्तम गायली असे मी म्हणणार नाही. एका ठिकाणी शब्द विसरली, तिथे नुसत्या अक्षरांवर निभावून नेले आणि स्वतःच हसली. पण शब्द तालाच्या मागे ठेवायचे ते तिला त्या दिवशी प्रथमच जमले, कारण घाई कसलीच नव्हती.

संपल्यावर ती माईकच्या वायरी गुंडाळत मागे राहिली. जिन्यावरून आवाज येत होते. शिक्षिका औषधदुकानदाराला विचारत होती की ते तिसरे गाणे कशाबद्दल होते. इस्त्रीच्या सदऱ्याचे काका म्हणत होते, "मला वाटतं कुणाची तरी वाट बघण्याबद्दल." आणि ती अनोळखी बाई म्हणाली, "नाही, वाट बघणं संपल्याबद्दल." मग चौघेही तिथेच पायरीवर थांबून वाद घालू लागले.

शिष्या वरच्या अंधारात वायर हातात धरून उभी राहिली, आणि आवाज पार रस्त्यावर जाऊन विरेपर्यंत ऐकत राहिली.