पुलाच्या अलीकडे

"फासे तिला का दिलेत, बापू?"

शार्दूलने चपलासुद्धा धड काढल्या नव्हत्या.

बापू सबनीस पडवीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आधी बस तरी."

तो बसला. पण आतून काही बसेना.

बापू चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. वर्षानुवर्षं दर रविवारी त्यांच्याकडे खेळ रंगायचा. एकाने गोष्ट चालवायची. राजे, राक्षस, वादळं सगळं त्याचं. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि जिवावर बेतलं की फासे टाकायचे. गोष्ट चालवायचे ते बापू; त्यांच्याकडे शिकून शार्दूल आणि रेणुका आपापल्या घरीही खेळ चालवू लागले होते. हल्ली त्यांचा आवाज टिकेना, म्हणून त्यांनी ते काम सोडलं आणि फाशांची शिसवी पेटी रेणुकाच्या हातात ठेवली.

शार्दूलच्या नाही.

"तिला साधे नियम पाठ नाहीत. राक्षसाला किती जखमा झाल्या, हे ती खेळणाऱ्यांनाच विचारते!"

"विचारते खरी." बापू हसले. "आणि ती कार्टी खरं सांगतात. गंमत आहे."

"माझ्याकडे नकाशे आहेत. ओढ्यानाल्यांनासुद्धा नावं दिलीत मी. तरी माझी माणसं उठून तिच्याकडे जातात. परवा त्यांच्यातलीच निशिगंधा सांगत होती, तिथे तिचं पात्र मेलं. ढसाढसा रडली म्हणे. आणि सांगताना चेहरा असा, जसं काही लग्न ठरलंय!"

"तुझ्याकडे कुणी मरत नाही?"

"आजवर एकही नाही." शार्दूलची मान ताठ झाली.

बापूंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"हं... मग चालव. मी खेळतो."

शार्दूल याचीच वाट बघत होता. आतल्या टेबलावर त्याने नकाशा पसरला. खोल दरी, तिच्यावर दोरखंडांचा पूल. स्वतःसमोर त्याने पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. चालवणाऱ्याने आपला फासा पडद्याआड टाकायचा, ही रीत बापूंनीच घालून दिलेली.

बापूंनी सदऱ्याच्या खिशातून एक तपकिरी बटण काढलं आणि पुलाच्या अलीकडे ठेवलं.

शार्दूलने ते ओळखलं. बापूंच्या बायकोच्या, काकींच्या स्वेटरचं बटण. खेळात काकी कंदील विकणारी म्हातारी व्हायच्या, आणि हे बटण म्हणजे ती म्हातारी. काकी गेल्यापासून ते नकाशावर आलं नव्हतं.

"कंदीलवाली निघाली," बापू म्हणाले.

शार्दूलने जीव ओतून सांगितलं. सुटलेला वारा, पायाखाली करकरणाऱ्या फळ्या, धुक्यातून वर येणारी ती शिंगं... बापूंची नजर त्याच्या तोंडावरून हलेना. रेणुकाला हे या जन्मात जमायचं नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला बरं वाटलं.

"राक्षसाने परशू उचलला!"

पडद्याआड वीस बाजूंचा फासा घरंगळला आणि थांबला.

वीस. राक्षसाच्या वाराला याहून मोठं दान नाही. म्हातारी यातून उरत नाही.

शार्दूलने फाशाकडे पाहिलं. मग बटणाकडे.

"चुकला वार," तो म्हणाला. "कंदीलवाली धावत सुटली... पोचली पलीकडे."

आणि स्वतःच ते बटण उचलून त्याने पुलापलीकडे ठेवलं.

बापूंनी हात लांबवून पडदा आडवा केला.

फासा तसाच पडला होता.

"काकींची आहे ती, बापू," शार्दूल पुटपुटला. "माझ्या हातून कसं..."

"दवाखान्यातही सगळे तिला हेच सांगत होते," बापू म्हणाले. "चुकला वार."

बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली. शार्दूल खाली मान घालून बसला. पण तशातही त्याला राहवलं नाही.

"रेणुकाने काय सांगितलं होतं?"

"काहीच नाही. तिने विचारलं, काकी, भीती वाटते का?"

"मग?"

"मग मला बाहेर पाठवलं दोघींनी. दार लोटून बराच वेळ बोलत होत्या."

"पण काही झालं तरी," शार्दूल हट्टाने म्हणाला, "कंदीलवालीने पूल तर ओलांडला!"

बापूंनी बटण उचललं. सदऱ्याच्या टोकाने पुसलं. आणि पुन्हा पुलाच्या अलीकडे ठेवलं.

"रेणुका येईल इतक्यात," ते म्हणाले. "तिला सांगतो, इथून सुरू कर."